समलैंगिकतेबद्दलचे मत बदलते म्हणजे नेमके काय बदलते?

पुण्यात समलैंगिकतेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: "आमची काही हरकत नाही हो, पण समाज अजून तयार नाही." हे म्हणणारा माणूस बहुधा खोटे बोलत नसतो. त्याची स्वतःची हरकत खरोखरच फारशी नसते आणि समाज तयार नाही याची त्याला तितकीच खात्री असते. त्याच्यासारखी फारशी हरकत नसलेली आणखी किती माणसे त्याच समाजात आहेत, हे मात्र त्याने कधी विचारून पाहिलेले नसते. धर्मग्रंथ काय सांगतात, धर्मसंस्था काय म्हणतात, कायदा कुठे उभा आहे आणि घरातल्या माणसांना काय वाटते, या चार गोष्टी आपण बोलताना एकाच शब्दात कोंबतो आणि त्याला 'समाज' म्हणतो. त्या वेगळ्या करून पाहिल्या, तर या विषयावरची मते एकमेकांशी इतकी का भांडतात आणि ती बदलतात तेव्हा काय घडते, हे समजायला सोपे जाते.

आधी थोडी शब्दांची साफसफाई करावी लागेल. आपल्याच लिंगाच्या व्यक्तीबद्दल प्रेम आणि शारीरिक ओढ वाटणे ही समलैंगिकता. पुरुषाच्या देहात जन्मून आपण स्त्री आहोत असे वाटणे, किंवा याच्या उलट, हा लिंगभावाचा वेगळा प्रश्न आहे. रोजच्या बोलण्यात या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते आणि त्यामुळे शिखंडी, बृहन्नडा, मोहिनी, अर्धनारीनटेश्वर ही सगळी उदाहरणे एकाच पिशवीतून काढली जातात. या कथांमधून एवढे नक्की दिसते की स्त्री आणि पुरुष यांच्यामधली रेघ पुसट असू शकते ही कल्पना आपल्या परंपरेला परकी नव्हती. दोन पुरुषांनी किंवा दोन स्त्रियांनी मिळून संसार करावा की नाही, या आजच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांत नाही. दक्षिण महाराष्ट्रात यल्लम्मा देवीला वाहिलेल्या, स्त्रीवेशात वावरणाऱ्या जोगत्यांना देवीच्या दारात मान मिळतो, पण तोच मान घेऊन त्यांच्यातला कोणी एखाद्या सोसायटीत भाड्याने घर मागायला गेला तर त्याला काय ऐकावे लागते, हे सांगायला नको. देवळाच्या आवारात चालते ते आवाराबाहेरही चालेलच असे नसते.

ग्रंथांकडे वळताना आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. बहुतेक धर्मग्रंथ या विषयावर बोलतात तेव्हा ते एखाद्या कृतीबद्दल बोलतात. जन्मभर विशिष्ट ओढ असलेली व्यक्ती आणि तिने जोडलेले घर हा विचार त्यांच्यासमोर नव्हताच. आज आपण जुन्या ग्रंथाला नवा प्रश्न विचारतो आणि उत्तर आपल्या सोयीचे आले की ते त्याचेच आहे असे मानतो.

समलिंगी संबंध हा गुन्हा नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आल्यानंतरच्या आठवड्यात कोथरूडमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर मी थोडा वेळ बसलो होतो. एक गृहस्थ तावातावाने सांगत होते की मनुस्मृतीत याला कडक शिक्षा आहे. शेजारी बसलेल्या, संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनी शांतपणे विचारले, "कोणती? अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ करायची, ती का?" सगळे हसले आणि विषय पालखी मार्गावरच्या वाहतुकीकडे वळला. बाई बरोबर होत्या, पण अर्ध्याच. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पुरुषाशी संग करणाऱ्या द्विजाने सवस्त्र स्नान करावे असे सांगितले आहे, आणि बैलगाडीत, पाण्यात किंवा दिवसाढवळ्या स्त्रीशी संग करणाराही त्याच ओळीत बसवला आहे. त्याच अध्यायात थोडे आधी मात्र पुरुषाशी केलेला संग जातिभ्रंश करणाऱ्या पातकांत मोजला आहे, आणि त्याच्या जोडीला ब्राह्मणाला इजा करणे, मद्य हुंगणे आणि कपटाने वागणे ही पातके आहेत. स्त्रियांबद्दल आठव्या अध्यायात जे येते ते याहून कठोर आहे: प्रौढ स्त्रीने कुमारिकेशी संग केल्यास तिचे मुंडन करावे किंवा बोटे छाटावीत आणि तिला गाढवावरून फिरवावे. तिथे संदर्भ कौमार्याचा आहे, म्हणजे अखेर मुलीच्या लग्नाच्या बाजारातल्या किमतीचा. एकाच ग्रंथात एका कृतीला आंघोळ, तिलाच अन्यत्र जातिभ्रंश आणि स्त्रियांना शारीरिक शिक्षा अशी विधाने सापडत असतील, तर 'हिंदू धर्म याबद्दल असे म्हणतो' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी कोणीही जरा थांबायला हवे.

दुसरीकडे कामसूत्र 'तृतीया प्रकृती', म्हणजे स्त्री-पुरुषांहून वेगळ्या तिसऱ्या प्रकारच्या, माणसांची नोंद घेते आणि त्यांच्या आचरणाचे वर्णन करते. ते वर्णन आहे, गौरव नाही. खजुराहोच्या भिंतीकडे बोट दाखवून आपली परंपरा पूर्ण मोकळी होती असे सांगणारे आणि हे सगळे पाश्चात्त्यांचे खूळ आहे असे म्हणणारे, या दोघांनाही ग्रंथ पूर्ण साथ देत नाहीत. मला स्वतःला यातून मिळणारी अधिक उपयोगाची गोष्ट वेगळीच वाटते. मनुस्मृतीनेच धर्माची चार प्रमाणे सांगितली आहेत: वेद, स्मृती, सज्जनांचा आचार आणि स्वतःच्या अंतःकरणाला पटणारे. पुढच्या शास्त्रकारांनी 'कलिवर्ज्य' ही सोय काढून पूर्वी शास्त्रात मान्य असलेल्या कित्येक गोष्टी आपल्या काळासाठी बाद ठरवल्या. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा जो प्रचंड इतिहास लिहिला, जो भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३० पासून पुढची तीन दशके खंडाखंडांनी प्रसिद्ध केला, तो चाळताना हेच पुन्हा पुन्हा दिसते की शास्त्र स्थिर आहे असे म्हणत म्हणतच शास्त्रकार ते हलवत आले आहेत.

सामान्य माणसांनी तर शास्त्रकारांची वाटही पाहिली नाही. १९८७ मध्ये मध्य प्रदेश पोलीस दलातल्या दोन महिला शिपायांनी एकमेकींशी गांधर्व पद्धतीने लग्न केले. नोकरी गेली, देशभर बातमी झाली. त्यांनी चळवळीचे साहित्य वाचून हे केले नव्हते. आपले नाते खरे आहे हे सांगायला जी भाषा जवळ होती, ती लग्नाची आणि विधीची होती, तीच त्यांनी वापरली. धर्म हा या प्रश्नात नेहमी विरोधी पक्षातच बसलेला असतो असे समजणाऱ्यांना हे उदाहरण अडचणीचे जाते.

इतर धर्मांमधला वाद थोडक्यात पाहू, कारण त्याचा आराखडा बराचसा सारखा आहे. ख्रिस्ती परंपरेत लेवीय या पुस्तकातला थेट निषेध आणि पौलाचे रोमकरांस पत्र यांचा आधार विरोधासाठी घेतला जातो. सदोम नगराच्या नाशाची कथाही सांगितली जाते, मात्र यहेज्केल संदेष्टा त्याच सदोमचे पाप सांगताना गर्व, सुखासीनता आणि गरिबांकडे केलेले दुर्लक्ष यांचा उल्लेख करतो. कॅथलिक चर्चची अधिकृत शिकवण समलैंगिक कृतीला गैर मानते आणि समलैंगिक व्यक्तीला आदराने, करुणेने वागवावे असेही त्याच पानावर सांगते. पोप फ्रान्सिस यांच्या काळात, डिसेंबर २०२३ मध्ये, अशा जोडप्यांना धर्मगुरूने आशीर्वाद द्यायला परवानगी मिळाली, पण तो विवाहविधीसारखा दिसता कामा नये ही अट घालून. शिकवणीतले एकही वाक्य न बदलता व्यवहार बदलण्याची ही रीत पुण्यातल्या जुन्या शास्त्र्यांना चटकन ओळखता आली असती.

इस्लाममध्ये लूत पैगंबरांच्या लोकांची कथा हा निषेधाचा मुख्य आधार आहे आणि पारंपरिक मत स्पष्टपणे विरोधात आहे. तरी शिक्षेबद्दल फिक्हच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, शाखांमध्ये एकमत नव्हते. भारतातले बहुसंख्य सुन्नी मुसलमान ज्या हनफी शाखेचे आहेत, तिने यासाठी ठरावीक शिक्षा न मानता ते न्यायाधीशाच्या विवेकावर सोडले होते. तुर्कस्तानच्या उस्मानी साम्राज्याच्या १८५८ च्या दंडसंहितेत प्रौढांमधल्या खासगी समलिंगी संबंधांना गुन्हा म्हटलेले नव्हते. यहुद्यांमध्ये सनातनी आणि सुधारक पंथांची मते आज उघड उघड परस्परविरोधी आहेत. जैन ग्रंथांनी देहाचे लिंग आणि कामभावना यांचा वेगवेगळा विचार फार पूर्वी करून ठेवला आहे, अर्थात सर्वच कामभावना जिंकायची आहे या भूमिकेतून.

बौद्ध धम्माकडे महाराष्ट्रात वेगळे लक्ष द्यावे लागते. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, त्यांना सर्वच लैंगिक कृती वर्ज्य आहेत, त्यामुळे त्यातली एक वेगळी काढून गृहस्थांना लावणे बरोबर ठरत नाही. गृहस्थांसाठीच्या पंचशीलातले तिसरे शील कामविषयक मिथ्याचाराबद्दल आहे, आणि पाली सुत्तांतले त्याचे स्पष्टीकरण दुसऱ्याच्या पत्नीशी किंवा पालकांच्या संरक्षणातल्या मुलीशी केलेल्या संबंधांविषयी आहे. तरीही दलाई लामांनी १९९७ मध्ये तिबेटी ग्रंथांच्या आधारे समलिंगी संबंध बौद्धांसाठी अयोग्य ठरवले होते, आणि २०१४ मध्ये एका मुलाखतीत हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे असे म्हटले. ग्रंथ तेच होते आणि माणूसही तोच होता.

आता कायदा. भारतात समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे कलम ३७७ हे १८६० च्या भारतीय दंडसंहितेतले आणि ती १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. या कलमाचे मूळ इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या काळातल्या, १५३३ च्या कायद्यात आहे. जन्मठेपेपर्यंतची शिक्षा कलम ३७७ मध्ये होती, आणि प्रत्यक्षात तिचा वापर खटल्यांपेक्षा धमकावण्यासाठी अधिक झाला: पोलिसांकडून, खंडणीखोरांकडून, कधी घरच्यांकडून. गंमत अशी की इंग्लंड आणि वेल्सने प्रौढांमधल्या खासगी संबंधांपुरता आपला कायदा १९६७ मध्ये सैल केला, आणि आपण तो भारतीय संस्कृतीचे रक्षण म्हणून आणखी पन्नास वर्षे सांभाळला.

दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी हे कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना लागू होणार नाही असा निकाल दिला. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांची यादी वाचण्यासारखी आहे. त्यात एक ज्योतिषी होते, ख्रिस्ती संघटना होत्या, मुस्लीम पर्सनल लॉ बोर्ड होते. एरवी एका व्यासपीठावर न दिसणारी ही मंडळी इथे एकाच बाजूला उभी होती. प्रत्येकाचा ग्रंथ वेगळा, त्यातली कारणे वेगळी, तरी निष्कर्ष एक, हे पाहिले की विरोधाचे मूळ फक्त ग्रंथात नसावे असा संशय येतो. मला ते कुटुंबाच्या रचनेत दिसते: वंश कोण चालवणार, मालमत्ता कोणाकडे जाणार, सून कुठून येणार, म्हातारपणी कोण पाहणार. या चिंता सर्व धर्मांच्या घरांत सारख्या आहेत आणि प्रत्येक जण त्यांना आपापल्या ग्रंथाचे वचन जोडतो.

११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने पुन्हा उलट निकाल देऊन संमतीने ठेवलेल्या संबंधांना गुन्ह्यातून मुक्त केले. या प्रवासात एक कल्पना कळीची ठरली, ती म्हणजे संविधानिक नैतिकता. बहुसंख्यांना काय रुचते यावर एखाद्या नागरिकाचा हक्क ठरत नाही, तो संविधानाच्या मूल्यांवर ठरतो, असा तिचा आशय. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते की ही नैतिकता माणसात आपोआप येत नाही, ती जोपासावी लागते. ते भाषण या विषयावरचे नव्हते. प्रशासनाचा तपशील संविधानात का घालावा लागतो, हे ते सांगत होते. पण या विषयाशी त्यांचा संबंध त्याआधीच आला होता. र. धों. कर्वे आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरे देत आणि त्यात समलिंगी संबंधांवरचे प्रश्नही असत. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा वकीलपत्र आंबेडकरांनी घेतले. माणसाला पडलेल्या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर देणे म्हणजे अश्लीलता कशी, असा त्यांचा रोख होता. खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मराठी माणसाला या विषयावर अलीकडे कोणीतरी बाहेरून येऊन बोलायला लावले, हा समज या एका खटल्यापुढे टिकत नाही.

मग मते बदलतात कशी? समाजशास्त्र आणि मानसशास्त्र यांच्याकडे याची काही बऱ्यापैकी तपासलेली उत्तरे आहेत. पहिले उत्तर ओळखीचे. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडले की बरोबरीच्या नात्याने आणि समान कामासाठी जवळ आलेल्या गटांमधला पूर्वग्रह कमी होतो. समलैंगिकतेच्या बाबतीत हे विशेष लागू पडते, कारण समलिंगी माणसे कोणत्या वेगळ्या गल्लीत राहत नाहीत. ती आपल्याच घरात, कचेरीत, भजनी मंडळात असतात आणि बहुधा गप्प असतात. जात किंवा धर्म आडनावावरून कळतो, हे कळत नाही. त्यामुळे 'आमच्या ओळखीत असे कोणी नाही' असे सांगणाऱ्याला खरे म्हणजे एवढेच ठाऊक असते की त्याला कोणी सांगितलेले नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मायामी शहरात केलेल्या एका अभ्यासात कार्यकर्ते दारोदार गेले, त्यांनी उपदेश न करता समोरच्याला स्वतःचा वेगळे पाडले जाण्याचा अनुभव सांगायला लावला, आणि सुमारे दहा मिनिटांच्या अशा संवादाचा परिणाम तीन महिन्यांनंतरही टिकून होता. तो अभ्यास पारलिंगी, म्हणजे जन्माच्या वेळचे लिंग आणि स्वतःचा लिंगभाव वेगळा असलेल्या, व्यक्तींबद्दलच्या पूर्वग्रहाचा होता, आणि मायामी म्हणजे मंगळवार पेठ नव्हे. पण वाद घालून हरवण्यापेक्षा विचारून ऐकण्याने माणूस अधिक हलतो, ही गोष्ट पटण्यासारखी आहे.

दुसरे उत्तर अधिक चमत्कारिक आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता दिली, त्याच्या आधी आणि नंतर संशोधकांनी लोकांना दोन वेगळे प्रश्न विचारले: तुमचे मत काय आणि तुमच्या मते इतरांचे मत काय. निकालानंतर पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच बदलले नाही, दुसऱ्याचे बदलले. म्हणजे कायद्याने माणसाचे अंतःकरण एका रात्रीत पालटत नाही, पण 'लोक काय म्हणतील' याचा अंदाज तो पालटू शकतो. आपल्याकडे तर निम्मे निर्णय याच अंदाजावर होतात. सुरुवातीला उल्लेखलेले 'समाज तयार नाही' हे वाक्य हा तसाच एक अंदाज आहे, आणि तो प्रत्येक जण दुसऱ्याच्या गप्प बसण्यावरून बांधत असतो.

प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या पाहण्यांनुसार, समाजाने समलैंगिकता स्वीकारावी असे म्हणणाऱ्या भारतीयांचे प्रमाण २०१४ च्या सुमारास १५ टक्के होते आणि २०१९ मध्ये ते ३७ टक्के झाले. २०२३ मध्ये त्याच संस्थेने समलिंगी विवाह कायदेशीर व्हावा का असे विचारले, तेव्हा ५३ टक्के लोकांनी अनुकूलता दाखवली. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून सरळ चढती रेघ काढण्याचा मोह होतो, पण प्रश्न वेगळे होते. शिवाय पाहणी करणाऱ्या अनोळखी माणसाला दिलेले उत्तर आणि स्वतःच्या मुलीने सांगितल्यावर तोंडातून निघालेला पहिला शब्द यांत अंतर राहतेच.

संस्थांची भाषाही हलते. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे दत्तात्रेय होसबळे यांनी २०१६ मध्ये समलैंगिकता हा गुन्हा मानू नये असे म्हटले आणि लगेच ती समाजाच्या दृष्टीने अनैतिक असल्याची पुस्ती जोडली. जानेवारी २०२३ मध्ये सरसंघचालक मोहन भागवत यांनी जरासंधाचे सेनापती हंस आणि डिंभक यांचा दाखला देऊन असे लोक समाजात पूर्वीपासून आहेत आणि त्यांना त्यांचा अवकाश मिळावा असे सांगितले. विवाहाला मात्र संघाचा विरोध कायम राहिला, कारण विवाह हा संस्कार आहे अशी त्यांची भूमिका आहे. या हालचालीला कोणी फार म्हणेल, कोणी अगदीच थोडी. मला त्यात नोंद घेण्यासारखे हे वाटते की बदल मान्य करताना आधार पुराणातला शोधावा लागला.

ही रीत पुण्याला नवी नाही. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ मध्ये झाला. १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांच्या उपस्थितीत पुनर्विवाह शास्त्रसंमत आहे की नाही यावर जाहीर वादविवाद झाला आणि निर्णय पुनर्विवाहाच्या विरोधात गेला. कायदा होऊन सदतीस वर्षे उलटल्यावर, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी लग्न केले तेव्हा कोकणातल्या मुरूड या त्यांच्या गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. रा. गो. भांडारकरांसारख्या पंडिताने आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह केला, त्यालाही कडवा विरोध झाला. आज त्याच पुण्यात वधू-वर सूचक मंडळांच्या यादीत पुनर्विवाहाचे वेगळे पान असते आणि त्यावर कोणी शास्त्रार्थ करत नाही. शास्त्रार्थ हरलेली बाजू आचारात जिंकली, आणि तेही मधली दोन-तीन पिढ्यांची होरपळ सोसून. दोन प्रश्न सारखे नाहीत. विधवेच्या लग्नातून वंश पुढे जातो, त्यामुळे कुटुंबाच्या हिशेबात ती गोष्ट बसवणे तुलनेने सोपे होते. म्हणूनच तीच वाट आपोआप याही प्रश्नाला लागू होईल असे मी म्हणणार नाही.

पुण्यात या विषयावर संघटित काम बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या समपथिक ट्रस्टमुळे दिसू लागले आणि शहराची पहिली अभिमान पदयात्रा डिसेंबर २०११ मध्ये निघाली. जंगली महाराज रस्त्यावरून जाणारी ही यात्रा मुंबईच्या मानाने शांत, काहीशी शिस्तीची. एका वर्षी सहभागी होणाऱ्यांनी सभ्य कपडे घालावेत या आवाहनावरून चळवळीतच वाद पेटला. समाजाला न दुखावता जागा मिळवायची की जागा आपली आहेच हे दाखवून द्यायचे, हा तो वाद, आणि सुधारकांच्या या शहरात तो पूर्वीही वेगवेगळ्या विषयांवर झालेला आहे.

खरी कसोटी मात्र रस्त्यावर लागत नाही. मुलगा अठ्ठावीस-तीस वर्षांचा होतो, स्थळे येऊ लागतात, पत्रिका जुळवायला जातात, तो दर वेळी काहीतरी खोट काढतो आणि एका रात्री जेवणे झाल्यावर आईला सांगून टाकतो. पुढच्या गोष्टी बऱ्याच घरांत ठरल्यासारख्या घडतात. आई आधी स्वतःला दोष देते, वडील बोलणे बंद करतात, मग डॉक्टर, मग कोणी सुचवलेली शांत, मग 'लग्न केलेस की सगळे ठीक होईल'. माझ्या परिचयातल्या एका घरात आईने मुलाबद्दल आणि त्याच्या जोडीदाराबद्दल सगळे ऐकून घेतल्यावर पहिला प्रश्न विचारला तो असा: "यंदा गौरी-गणपतीला तो येणार असेल, तर तुझ्या काकांना काय सांगायचे?" त्या बाईंना देवाची भीती नव्हती, गणपतीला तो चालणार होता, अडचण काकांची होती. त्या वर्षी तो 'कंपनीतला मित्र' म्हणून आला, आरतीला झांजा वाजवल्या, उकडीच्या मोदकांना मुखऱ्या पाडायला बसला. काकांनी काही विचारले नाही. पुढच्या वर्षीही विचारले नाही, पण त्याच्यासाठी ताट वाढून ठेवायला सांगितले. मत बदलणे पुष्कळ घरांत असेच घडते: जाहीर न करता, ताटाच्या संख्येत.

'लग्न करून टाक' या उपायाबद्दल मात्र मवाळपणे लिहिता येत नाही. त्यात घरच्यांची अब्रू वाचते आणि ज्या मुलीला काहीच सांगितलेले नसते तिचे आयुष्य खर्ची पडते. उपचार करून ओढ बदलता येते या समजुतीलाही वैद्यकाचा आधार उरलेला नाही. अमेरिकी मनोविकार संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये तीच भूमिका स्पष्ट केली. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ओढ बदलण्याचे तथाकथित उपचार हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. ही शेवटची पायरी मद्रास उच्च न्यायालयाच्या एका प्रकरणातून आली. त्यात न्या. आनंद वेंकटेश यांनी आपल्याला या विषयाची पुरेशी समज नाही असे मोकळेपणाने नोंदवले, मानसशास्त्रज्ञाबरोबर स्वतः एक सत्र केले आणि मग २०२१ मध्ये अशा उपचारांना मनाई करणारा आदेश दिला. पूर्वग्रह असणे आणि तो तपासून पाहायची तयारी असणे या दोन गोष्टी एकाच माणसात असू शकतात, हे त्या आदेशाच्या पानांतून दिसते.

सध्याची कायदेशीर स्थिती अशी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ च्या जागी काहीच आलेले नाही, त्यामुळे संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, पण पुरुषावर झालेल्या लैंगिक अत्याचारासाठी असलेले तेच एक कलमही गेले, आणि ती त्रुटी गंभीर आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा मूलभूत हक्क मान्य करायला नकार दिला आणि तो विषय संसदेकडे सोपवला. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केले की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडता येते आणि खात्याला एकमेकांचे नाव नॉमिनी म्हणून लावता येते, तसेच शिधापत्रिकेसाठी त्यांना एका कुटुंबातले मानावे. वारसा हक्काने मिळणारी मालमत्ता, दोघांनी मिळून मूल दत्तक घेणे, जोडीदार म्हणून मिळणारे निवृत्तिवेतन या गोष्टी विवाहाशी बांधलेल्या असल्यामुळे त्यांना मिळत नाहीत. एकत्र राहणाऱ्या जोडप्यांनी म्हणूनच मृत्युपत्र करून ठेवावे आणि ते नोंदवून घ्यावे, असा सल्ला वकील देतात. नॉमिनी असणे म्हणजे वारस असणे नव्हे, हे बँकेच्या खिडकीपाशी बऱ्याच जणांना उशिरा कळते.